‘घरात बसून लिहिलेलं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅनडाच्या उत्तर टोकाच्या नुनावुत प्रदेशातल्या मैलापाण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “कॅनडासारखा श्रीमंत देश मैला उघड्या तळ्यात सोडतो आणि तुम्ही त्याला व्यवस्था म्हणता. वासाबद्दल एक अक्षर नाही. आमच्या खेड्यात साधा शोषखड्डा तरी असतो. सगळं घरात बसून लिहिलेलं दिसतं.” पुढे अनुदानं, राजकारण वगैरे बरंच आहे.

वासाचं मान्य. उन्हाळ्यात त्या तळ्यांना वास येतो, ते लेखात यायला हवं होतं.

पण ‘घरात बसून’? मतभेद असावेत, माझी तक्रार नाही. मात्र ज्याला आपण ओळखत नाही त्याने काय पाहिलंय, हे असं परस्पर ठरवून टाकायचं? मी नुनावुतमध्ये नोकरी केली आहे, संसार केला आहे. आमच्या घरात पिण्याच्या पाण्याची एक टाकी आणि मैलापाण्याची दुसरी. दोन्हींसाठी टँकर. मैल्याची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद पडतो. हिमवादळात टँकर आला नाही, तर पाणी असूनही अंघोळ नाही. तान्हं मूल घरात असताना मी हे काढलंय. वाचून नव्हे.

आता शोषखड्डा. आपल्याकडे तो चालतो, कारण माती पाणी पिते. तिथे वरचा थोडासा थर उन्हाळ्यात सुटतो, खाली जमीन बारमाही गोठलेली. त्या बर्फावर पाणी अडतं, मुरणार कुठे? खडक असेल तर मुरायला मातीच नाही. जमिनीत नळ पुरावा तर आतलं पाणी गोठतं, आणि ते गोठू नये म्हणून ऊब दिली तर भोवतालचा बर्फ वितळून जमीन खचते. म्हणून राजधानी इक्वालुइटसारख्या ठिकाणी उष्णतारोधक आवरणाचे नळ आहेत. बहुतेक वस्त्या टँकरवरच.

मैल्याचा टँकर तळ्यात रिकामा होतो. हिवाळाभर ते गोठून साठत राहतं. उन्हाळ्यात ऊन मिळालं की शेवाळ आणि जिवाणू कामाला लागतात, आणि उन्हाळा संपता संपता पाणी दलदलीतून हळूहळू समुद्राकडे सोडतात. त्यासाठी जल मंडळाचा परवाना लागतो, नमुने तपासावे लागतात. ‘सोडतो’ या एका शब्दात आपण हे सगळं गुंडाळलंत.

यांत्रिक केंद्रंही आहेत, इक्वालुइटला, पांगनिर्तुंगला. पण नुनावुतमधल्या 25 वस्त्यांपैकी कुठल्याही दोन रस्त्याने जोडलेल्या नाहीत. एखादा सुटा भाग मोडला तर विमानाने आणा, नाहीतर उन्हाळ्यात जहाज येईपर्यंत थांबा. कॅनडाने 2012 मध्ये सांडपाण्याचे देशव्यापी नियम केले, तेव्हा नुनावुतला त्यातून बाहेर ठेवलं. अतिथंडीत कुठली पद्धत कितपत चालते हे आधी अभ्यासायचं होतं. तळी आदर्श आहेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माझा लेख पुन्हा वाचा, आणि या वेळी शेवटपर्यंत.

अनुदानं आणि राजकारणाबद्दलच्या आपल्या वाक्यांना मी उत्तर देत नाही, त्यांचा माझ्या लेखाशी संबंध नाही.

तळ्यांबद्दल प्रश्न असतील तर जरूर विचारा, माहिती आहे तेवढं सांगेन. माझ्या आयुष्याबद्दल पुन्हा असं परस्पर लिहिलंत, तर मात्र ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.