गाणं तीन मिनिटांचं, जीभ चार तासांची

युरोव्हिजनचं, म्हणजे मुख्यतः युरोपातल्या देशांच्या त्या गाण्याच्या स्पर्धेचं (देश एकमेकांना गुण देतात), टीव्हीवरचं समालोचन तुमच्याकडे आलंय? अभिनंदन. गाण्याची आवड असेल तर ती घरीच ठेवा, बूथमध्ये तिची अडचण होते.

हेडफोनच्या एका कानात कार्यक्रमाचा आवाज, दुसऱ्यात सेकंद मोजणारा तुमचा निर्माता. समोर खोकल्याचं बटण असतं. ते दाबून धरलं की माइक बंद. बोट जरा लवकर सुटलं तर ‘अरे देवा, हे काय घातलंय’ थेट देशभर ऐकू जातं. म्हणून उत्स्फूर्त शेरे आदल्या दिवशीच लिहून ठेवावेत. शुक्रवारी रात्रीची रिहर्सल पाहा (ज्युरी, म्हणजे देशोदेशीचे परीक्षक, तीच पाहून गुण देतात, त्यामुळे तुमच्या जिभेपासून ते तरी सुरक्षित), आणि शनिवारी अंतिम फेरीत तोच टोमणा आत्ता सुचल्यासारखा मारा.

गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं. तेवढा वेळ गप्प. बोलायचं ते दोन गाण्यांमधल्या चित्रफितीवर, साधारण 40 सेकंद, म्हणजे फार तर 80 शब्द. त्यात देश, गायक, गाण्याचं नाव आणि टोमणा बसवायचा. जागा कमी पडली तर गाण्याचं नाव गाळा.

सूत्रसंचालकांनाही सोडू नका. 2001 साली कोपनहेगनमध्ये बीबीसीचे समालोचक टेरी वोगन यांनी तिथल्या सूत्रसंचालक जोडीला ‘डॉक्टर डेथ’ आणि ‘टूथ फेअरी’ (दुधाचे दात नेणारी परी) म्हटलं. डेन्मार्क चिडला, वोगन 2008 पर्यंत खुर्चीत राहिले. जाताना त्या खुर्चीत येणाऱ्या ग्रॅहम नॉर्टन यांना त्यांनी सल्ला दिला, नवव्या गाण्याआधी दारूच्या ग्लासला हात लावू नकोस. अंतिम फेरीत 26 गाणी असली तर पुढची 17 आपोआप सुसह्य होतात.

खरी कसोटी गुणांची. 2016 पासून ज्युरीचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगळे जाहीर होतात, म्हणजे नाक मुरडायची संधी दोनदा. ग्रीस सायप्रसला 12 गुण (म्हणजे सर्वाधिक) देणार, हे आधीच मोठ्यांदा सांगा; ही दोघं एकमेकांना झुकतं माप देण्यासाठी प्रसिद्ध. दिले तर तुम्ही जाणकार. नाही दिले तर ‘घरात काही बिनसलेलं दिसतंय’.

आपल्या देशाला शून्य आलं (ब्रिटनला 2021 मध्ये ज्युरीकडूनही आलं, प्रेक्षकांकडूनही) तर म्हणा, ‘हे सगळं राजकारण आहे.’ शेजाऱ्याकडून 12 आले तर, ‘चांगल्या गाण्याला भाषेची भिंत नसते.’ फक्त ही दोन वाक्यं एकाच कागदावर लिहू नका. मध्यरात्रीपर्यंत डोळे दमतात, ओळ चुकते.