लेखनसीमा

यंदा नववीला इतिहास मूळ कागदांवरून शिकवणार, असं मी चहाच्या भरात बोलून गेलो. चहा संपला, शब्द गळ्यात राहिला.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, हे सांगताच मागच्या बाकावर कोणीतरी नाक शिंकरलं.) रियासतकार सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तेही स्वच्छ बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत. त्यातलं एक पान वाचलं असतं तर अब्रू शाबूत राहिली असती. पण मी दहा दिवसांचा मोडी वर्ग केलेला माणूस. प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलंय.

एका पत्राची प्रत प्रोजेक्टरवर लावली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही.

"सर, याला तुम्ही किती मार्क दिले असते?" वेलांटीला अर्धा मार्क कापणारा मी, खोकलो.

तारीख होती 'छ १५ रजब'. एकाने हिंदीच्या जोरावर 'सहा पंधरा' वाचलं. छ म्हणजे चंद्र, मी रुबाबात सांगितलं. पुढे अरबी आकड्यांत वर्ष, 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवून फळ्यावर १७६० लिहिलं आणि आवाज खाली आणला. "मुलांनो, या बिचाऱ्याला ठाऊक नाही, पुढे पानिपत आहे!" चांगली दहा मिनिटं मी त्या बिचाऱ्यासाठी हळहळलो. पहिल्या बाकावरची एक मुलगी तर रडवेली झाली.

"सर, हे वर्ष सुरू कधी होतं?" हे गणितातलं पोरगं.

"मृगाला."

"आणि रजब?"

जंत्री उघडली. फेब्रुवारी.

"मग मधे इसवी सन बदललं, ६०० मिळवायचे ना? म्हणजे १७६१. पानिपत तर १४ जानेवारीलाच झालं. त्याला सगळं ठाऊक असणार, सर."

रडवेलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जंत्रीत तोंड घातलं.

तरी मोडीचं वेड वर्गाला लागलंच. परवा तास चालू असताना एक चिठ्ठी पकडली. सबंध मोडीत. अर्धा तास स्टाफरूममध्ये भिंग लावून बसलो. 'सर' कळलं, शेवटचं 'मोर्तब सूद', म्हणजे पत्र संपल्याचा शिक्का, कळलं. मधल्या तीन ओळी कुठे तोडायच्या, ते विचारायला उद्या त्याच पोराकडे जायचंय.