तीन गोळ्यांचा लसावि

शाळेत एक गणित असायचं: तीन घंटा आत्ता एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम केव्हा वाजतील? परीक्षा झाली आणि आपण घंटा विसरलो. पन्नाशीनंतर त्याच घंटा गोळ्यांच्या रूपानं परत येतात. बीपीच्या गोळीची स्ट्रिप १५ ची, रोज एक. शुगरची २० ची, रोज दोन. कोलेस्टेरॉलची १४ ची, रात्री एक. तिन्ही आज सुरू केल्या, तर तिन्ही स्ट्रिपा एकाच दिवशी संपायला २१० दिवस लागतात. मधल्या सात महिन्यांत आपण मेडिकलच्या पायरीवर असतो.

यावर तोडगा आहे, आणि तो माझ्या मते लसाविपेक्षा सोपा आहे. एका संध्याकाळी डबा उपडा करून मोजायचं. समजा बीपीच्या ४ उरल्यात, शुगरच्या ६, कोलेस्टेरॉलच्या ९. सगळ्यात लांबचा मुक्काम ९ दिवसांचा. मग बीपीच्या ५ आणि शुगरच्या १२ सुट्या घ्यायच्या. दहाव्या दिवसापासून सगळं एका रेषेत. त्यापुढे दर ३० दिवसांना बीपीच्या २ स्ट्रिपा, शुगरच्या ३, आणि कोलेस्टेरॉलच्या २ अधिक २ सुट्या. या दोन सुट्या मागताना मेडिकलवाल्याचा चेहरा पाहू नये. पाहावं ते कात्रीकडे. एक्सपायरी बहुधा स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेली असते आणि कात्री नेमकी तिथूनच चालते. दुसऱ्या टोकानं कापून मागा, आणि बिल घ्या. बॅच नंबर आणि एक्सपायरी बिलावर असते.

ऑर्डर व्हॉट्सॲपवर द्यायची तर फोटो स्ट्रिपच्या मागचा, म्हणजे नाव आणि ताकद छापलेल्या बाजूचा. ‘ती पांढरी गोल गोळी’ हे वर्णन निम्म्या दुकानाला लागू पडतं. नावामागची शेपटी तर कधीच सोडू नये. बीपीची टेल्मिसार्टन ४० वेगळी, ४० एएम वेगळी, ४० एच वेगळी. ‘एएम’मध्ये बीपीचंच आणखी एक औषध असतं. ‘एच’मध्ये लघवी वाढवणारं औषध असतं. ते चुकून घरी आलं, तर चूक कळते प्रवासात, बस घाटात असताना.

फोन करायचा तो पाच-सहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असताना. कारण ‘उद्या येईल’ हे मेडिकलमधलं एक कालमापन आहे, त्यात रविवार धरत नाहीत. ‘सेम आहे काका, फक्त कंपनी वेगळी’ असं म्हणाले तर घटक, मिलिग्रॅम आणि शेपटी तिन्ही जुळवून पाहा, मग खुशाल घ्या.

आता चिठ्ठी. १९४५ च्या औषध नियमांनुसार शेड्यूल एच औषधाची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाची, चिठ्ठी एकदाच चालते. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं हवं. प्रत्यक्षात घड्यांवर विरलेली, हळदीचा डाग पडलेली चिठ्ठी वर्षानुवर्षं चालते, आणि ज्या दिवशी काउंटरवर नवा मुलगा येतो त्या दिवशी चालत नाही. म्हणून तपासणीच्या वेळीच ‘तीन महिने रिपीट’ असं तारखेसह लिहून घ्यावं. डॉक्टर लिहितात. विचारायचं आपलंच राहतं, कारण तोवर आपण बूट शोधत असतो.

आणि सगळं एका रेषेत आलं की पुढच्या तपासणीत डॉक्टर खुशीत सांगतात, ‘छान आहे, ४० ची २० करूया.’ घरी ४० च्या दोन कोऱ्या स्ट्रिपा. अर्धी करून चालेल का? गोळीवर मधोमध रेघ असेल तर डॉक्टरांना विचारावं. नावापुढे एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, असेल तर त्यांनी सांगितल्याशिवाय सुरी हातात घेऊ नये. नाहीतर न कापलेल्या स्ट्रिपा, बिल आणि गोड चेहरा घेऊन पुन्हा पायरी चढावी.