हलकी रायफल, पातळ बॅरल आणि 'आधी सगळं बदला'

हलक्या शिकारी रायफलींबद्दलचा एक सल्ला बरीच वर्षं हातोहात फिरतोय. थोडक्यात तो असा: कारखान्यातून आलेली तीन किलोच्या आसपासची रायफल अचूक असूच शकत नाही, कारण तिची बॅरल, म्हणजे नळी, पातळ असते. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात पडल्या नाहीत तर रायफल खराब समजा. मग बॅरल बदला, निदान ती स्टॉकपासून (रायफल ज्यात बसवलेली असते त्या दांड्यापासून) पूर्ण मोकळी करून घ्या, ट्रिगर जमेल तितका हलका करा. हे सगळं होईपर्यंत शिकारीला जाऊच नका.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण त्यापायी लोक नव्याकोऱ्या रायफलीवर तिच्या किमतीइतकाच खर्च पुन्हा करतात आणि नेम होता तिथेच राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"पातळ बॅरल अचूक नसते." बॅरल ताठ असावी हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती दर वेळी तशीच वागावी. गोळी सुटताना प्रत्येक बॅरल थरथरते, जाड कमी आणि पातळ जास्त. ही थरथर दर गोळीला सारखी असली की गोळ्या जवळजवळ पडतात. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ७.६२ मिलिमीटरचं भोक धरून हिशेब केला, तर २० मिलिमीटर जाडीची बॅरल १५ मिलिमीटरवालीपेक्षा सव्वातीन पट ताठ आणि वजनाला साधारण दुप्पट भरते. फरक आहेच, पण तो पहिल्या गोळीला फारसा जाणवत नाही, जाणवतो तो तापल्यावर. पातळ बॅरलमध्ये पोलाद कमी, म्हणून ती झटकन तापते. सलग चार-पाच गोळ्या झाल्या की तिच्यावर हात ठेववत नाही. बनवताना पोलादात ताण राहून गेले असतील तर ते तापल्यावर बॅरलला किंचित वाकवतात आणि गोळ्या एका बाजूला सरकू लागतात. टार्गेटवर वीस गोळ्या झाडणाऱ्याला हा दोष नडतो. शिकाऱ्याची पहिली गोळी थंड बॅरलमधून जाते, आणि बहुतेक वेळा तीच शेवटची असते. विंचेस्टर मॉडेल ७० रायफलीची 'फेदरवेट' ही हलकी आवृत्ती १९५२ साली बाजारात आली, तेव्हापासून पातळ बॅरलच्या रायफलींनी शिकारी होतच आल्या आहेत.

थंड बॅरल काय करते ते पाहायचं तर एकच कागद दहा दिवस वापरावा. रोज सकाळी त्यावर एकच गोळी झाडायची, तारीख लिहायची आणि कागद गुंडाळून ठेवायचा. दहाव्या दिवशी त्यावर जे दिसतं तीच तुमची शिकारीतली रायफल. माझ्या कागदावर सातवं भोक बाकीच्यांपासून फटकून होतं. त्या दिवशी मी घाईत होतो, रायफलीचा त्यात काही दोष नव्हता.

आता तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावर त्यांची भोकं एकमेकांपासून जास्तीत जास्त किती लांब पडली ते माप. या सल्ल्यात सगळ्यात कच्चा मुद्दा कुठला असेल तर हाच, म्हणून इथे जरा थांबतो. गोळ्यांचा फैलाव सर्व दिशांना सारखा आणि नेहमीच्या घंटाकृती वाटणीचा मानला, तर दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे १.६ पट मोठा येतो. तीन गोळ्यांत सरासरी दीड इंच देणारी रायफल दहा गोळ्यांत पावणेदोन नव्हे, सुमारे २.४ इंच देणार. शिवाय तीन गोळ्यांचा ग्रुप भलताच लहरी असतो. हीच दीड इंची रायफल पाच-सहा ग्रुपांमागे एखादा एक इंचाच्या आतला देते आणि एखादा दोन इंचांच्या पुढचा. रायफल तीच, काडतूस तेच, नेम धरणाराही तोच. छोटा ग्रुप पाकिटात जपायचा आणि मोठा आला की 'वारा होता' म्हणायचं, हा आपल्या सगळ्यांचाच धंदा. मग कोणीतरी ट्रिगर बदलतो, पुढचा ग्रुप योगायोगाने पाऊण इंचाचा पडतो आणि नवा ट्रिगर 'लागू पडला' असं ठरतं. मोजायचंच तर मधे बॅरल पूर्ण थंड होऊ देत दहा गोळ्या झाडा, नाहीतर तीन-तीन गोळ्यांचे चार-पाच ग्रुप काढून सगळ्यांची सरासरी घ्या. वाईटही त्यात धरायचे.

बरं, हलकी रायफल खरोखरच मोठे ग्रुप देत असेल तर दोष कुठे शोधायचा? बहुतेकदा तो खांद्यापाशी सापडतो. .३०८ विंचेस्टरचं साधं काडतूस घ्या: गोळी सुमारे ९.७ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ८५० मीटर. काडतुसातल्या दारूच्या वायूचा जोरही धरला तर स्कोपसकट चार किलोची रायफल सेकंदाला साधारण ३ मीटर वेगाने मागे येते, तीन किलोची साधारण ४ मीटरने. धक्क्याची ऊर्जा १८ जूलवरून २४ वर जाते. आणि हे गोळी निघून गेल्यानंतर सुरू होत नाही. गोळी बॅरलमध्ये असतानाच तीन किलोची रायफल सुमारे २ मिलिमीटर मागे सरकलेली असते. त्या २ मिलिमीटरांत खांदा, गाल आणि हात तिला कुठे ढकलतात यावर गोळी ठरते. सहा किलोची टार्गेट रायफल अशा चुका पोटात घालते, हलकी एकही सोडत नाही. जड रायफलीसारखं तिला नुसतं वाळूच्या पिशवीवर ठेवून बोटाने ट्रिगर ओढला तर ती उडी मारते. फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) हाताने हलकेच धरावा, पिशवी मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) जरा पुढे घ्यावी, बट (स्टॉकचं मागचं टोक) दर वेळी खांद्यात त्याच जागी टेकवावी. बिनपैशाचा 'अपग्रेड' म्हणून कोणी सुचवत नसेल, पण ग्रुप यानेच लहान होतात.

"बॅरल स्टॉकला कुठेही टेकता कामा नये." हे नियमासारखं सांगितलं जातं. अमेरिकन बंदूक-कारागीर मेल्विन फोर्ब्ज यांनी १९८० च्या दशकात अतिशय हलक्या रायफली बनवायला घेतल्या, तेव्हा बॅरल पूर्ण लांबीभर केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या स्टॉकमध्ये घट्ट बसवली. त्या रायफली उत्तम नेम धरतात. म्हणजे टेकणं हा दोष नव्हे, कधी टेकणं आणि कधी न टेकणं हा दोष. स्वस्त प्लास्टिक स्टॉकचं नेमकं हेच दुखणं असतं. रायफल टेबलावर ठेवून बॅरलखालून कागदाची पट्टी सरकवली की ती सुरळीत ॲक्शनपर्यंत (बॅरल जिथे जोडलेली असते त्या मधल्या भागापर्यंत) जाते आणि आपण खूश होतो. आता बायपॉड (पुढचे दोन पाय) उघडा, खांद्याने पुढे दाब द्या आणि दुसऱ्या कोणाला तीच पट्टी ओढायला सांगा. अडकते. रायफल रिकामी आहे ना हे आधी दोनदा बघून मगच हा प्रयोग करा. पट्टी अडकत असेल तर जास्त ताठ स्टॉक किंवा नीट बेडिंग (ॲक्शन स्टॉकमध्ये न हलता बसवणं) यावर खर्च केलेला पैसा सार्थकी लागतो. या एका बाबतीत सल्ला देणाऱ्यांशी मी बऱ्यापैकी सहमत आहे.

त्याहीआधी स्क्रू. मागे माझ्या रायफलीचे ग्रुप अचानक तीन इंचांवर गेले. नवी बॅरल कुठली घ्यावी इथपर्यंत विचार पोचला होता. एका संध्याकाळी साफ करताना स्कोपचा मागचा माउंट अंगठ्याने हलला, दाताच्या डॉक्टरला दाखवावा असा. टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुस्तिकेत दिलेल्या मापाला आवळला, ग्रुप परत पूर्वीसारखे. ॲक्शनच्या स्क्रूंचंही तेच. त्यानंतर तीन-चार प्रकारची काडतुसं लावून पाहावीत. एकच रायफल एका गोळीने दोन इंच आणि दुसरीने सव्वा इंच देते, आणि का देते ते बघून कळत नाही, झाडूनच बघावं लागतं.

ट्रिगरबद्दलचा मुद्दा अर्धा खरा. पावणेतीन किलोच्या रायफलीवर अडीच किलोचा ट्रिगर म्हणजे जवळजवळ रायफलीच्याच वजनाइतका जोर बोटाने लावायचा. ती हलणारच. पण 'जमेल तितका हलका' हे धोक्याचं आहे. थंडीत, हातमोजे घालून, चढ चढून धाप लागलेली असताना फार हलका ट्रिगर मनात नसताना सुटतो. सॅव्हेज कंपनीने २००२ मध्ये आणलेल्या ॲक्युट्रिगरमध्ये मधली पात दाबल्याशिवाय रायफल सुटत नाही, म्हणून त्याला सुरक्षित राहून हलकं करता येतं. तशी रचना नसलेल्या ट्रिगरला घरच्या घरी कानस लावू नये. २०१४ मध्ये रेमिंग्टन कंपनीला एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत बोलवाव्या लागल्या, कारण जोडणीत वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाल्याने रायफल आपोआप सुटण्याचा धोका होता. कारखान्यात असं होतं, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं विचारूच नका. सव्वा-दीड किलोचा, न अडखळता सुटणारा ट्रिगर शिकारीला पुरतो, आणि तो बंदूक दुरुस्तीच्या जाणकाराकडूनच करून घ्यावा.

राहिला शेवटचा दावा: यातून शिकारीत फरक पडेल. समजा रायफल दीड मिनिटाची आहे; मिनिट म्हणजे इथे वेळ नव्हे, कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे २९ मिलिमीटर, तर दीड मिनिट म्हणजे साधारण ४.४ सेंटिमीटर. बसून, गुडघ्यावर कोपर टेकून, दमलेल्या अवस्थेत चांगला नेमबाजही चार मिनिटांत राहिला तरी खूप. रायफलीची आणि नेमबाजाची अशा दोन चुका सरळ बेरजेने जुळत नाहीत, वर्गांच्या बेरजेचं मूळ काढावं लागतं. दीड आणि चार मिळून ४.२७ मिनिटं. आता बॅरल, स्टॉक, ट्रिगर सगळं बदलून रायफल निम्म्यावर, पाऊण मिनिटावर आणली. पाऊण आणि चार मिळून ४.०७. एवढा खर्च करून सुधारणा पाच टक्क्यांच्या आत. उलट रायफल तशीच ठेवली आणि नेमबाज सरावाने चारवरून तीनवर आला, तर बेरीज ३.३५ होते.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावून धक्का कमी होतो, हे निर्विवाद. आवाज मात्र आधीच कानाला घातक असतो, तो झाडणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या अंगावर आणखी येतो, म्हणून कानांना संरक्षण नसताना ब्रेक लावलेली रायफल झाडू नये. कार्बन फायबर गुंडाळलेली बॅरल त्याच वजनात जास्त ताठ मिळते, एवढं खरं. ती घ्यायची असेल तर हौस म्हणून घ्या, माझा आक्षेप नाही. पण त्याआधी तो दहा दिवसांचा कागद भिंतीवर लावून बघा.