रटगर्सच्या (आमच्या न्यू जर्सीच्या युनिव्हर्सिटीच्या) मॅचवर पैसे लावायचे की नाही, हे ठरवणार कोण?

न्यू जर्सीत 2021 च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांना विचारलं होतं, राज्यातल्या कॉलेज टीम्सवर बेटिंग चालू करायचं का, आणि लोकांनी चक्क नाही म्हणून सांगितलं. आता इथे कॅसिनो आहेत, लॉटरी आहे, फोनवर स्पोर्ट्स बेटिंग आहे, म्हणजे आम्ही काही सोवळ्यातले नाही, पण आपल्याच कॉलेजच्या पोरांवर पैसे लावायचे नाहीत ही एक गोष्ट न्यू जर्सी राज्याच्या घटनेत लिहिलेली आहे आणि लोकांनी ती तशीच ठेवली.

तर गेल्या सीझनला एका मित्राच्या बेसमेंटमध्ये गेम बघत होतो, त्याचा 19 वर्षांचा भाचा सोफ्यावर पाय पसरून फोन पुढे करतो, "काका हे बघा, रटगर्स 38 सेंट." जिंकले तर डॉलर मिळणार, हरले तर 38 सेंट गेले. म्हटलं अरे तुला 21 कुठे झालेत, बेटिंग कसं करतोस? तर म्हणे इथे 18 चालतं काका, हे मार्केट आहे.

ही पळवाट कुठून आली बघा. काल्शीसारख्या, म्हणजे अमुक घडेल की नाही यावर लोकांचे सौदे चालवणाऱ्या कंपन्यांवर देखरेख सीएफटीसीची, म्हणजे गहू-तेल-सोन्याचे फ्युचर्स (पुढच्या भावाचे सौदे) बघणारी केंद्राची संस्था. जानेवारी 2025 मध्ये काल्शीने खेळांवरचे सौदे चालू केले, मार्चमध्ये नेवाडा आणि न्यू जर्सीने बंद करा म्हणून नोटिसा धाडल्या, तर कंपनीच कोर्टात गेली की आम्ही केंद्राच्या अखत्यारीत, राज्याचा संबंध काय. एप्रिलमध्ये दोन्हीकडे राज्यालाच मनाई हुकूम! मग मेरीलँडच्या जजने ऑगस्टमध्ये असाच हुकूम द्यायला कंपनीला नकार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये नेवाडाच्या त्याच जजने स्वतःचाच हुकूम उठवला. एकाच कायद्याचे इतके अर्थ निघतायत. आणि गंमत म्हणजे बेटिंगचं ज्या त्या राज्याने ठरवावं म्हणून 2018 ला सुप्रीम कोर्टात लढून जिंकलेलं राज्य न्यू जर्सीच.

कंपन्या म्हणतात आमच्यात बुकी नाही, लोक एकमेकांशीच सौदा करतात. हो, पण समोर सस्क्वेहॅनासारख्या मोठ्या ट्रेडिंग फर्म मार्केट मेकर म्हणून, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव देत बसल्यात, त्यांच्या कॉम्प्युटरपुढे या भाच्याचा काय टिकाव लागणार?

आपल्या लोकांना तरी हे नवीन वाटू नये. मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्या कापसाच्या ओपन-क्लोजच्या भावावर. कापूस कुणाला हवा होता, आकडा लागतो का एवढंच बघायचं. 1887 च्या मुंबईच्या जुगार कायद्यात कापसाच्या भावावर, इतकंच काय पाऊस पडेल की नाही यावर लावलेले पैसेसुद्धा जुगारात धरलेत. काल्शीवर आज न्यूयॉर्कचं तापमान किती जाणार यावर सौदे होतात. भारतात जुगार हा राज्यांचा विषय, राज्य सूचीतली 34 वी नोंद, तरी ऑगस्ट 2025 ला केंद्रानेच कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. तिथे केंद्राने सरसकट बंद केलं, इथे केंद्राच्या नावावर सगळं उघडलं, राज्यांना दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

राज्य सरकारं काही साधुसंत नाहीत हं. ऑनलाइन स्पोर्ट्स बेटिंगवर न्यू जर्सी 19.75 टक्के टॅक्स घेते, तो बुडतोय ही पोटदुखी आहेच. पण त्या टॅक्सबरोबर 21 ची अट येते, लायसन्स येतं, कॉलेज टीमवरची बंदी येते, आणि पोरगं कर्जात बुडालं की आईबाप दाद मागायला ट्रेंटनला, राज्याच्या राजधानीत जातील, सीएफटीसीकडे कोण जाणार?

निवडणूक, महागाई, व्याजदर यावरचे सौदे केंद्राने खुशाल बघावेत, माझं काही म्हणणं नाही. खेळ मात्र राज्यांकडेच पाहिजेत आणि हे कोर्टाकोर्टात भांडत बसण्यापेक्षा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने एकदाच कायद्यात लिहून टाकावं. आमच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला तसा मेल टाकलाय, उत्तर आलं तर इथेच टाकतो.