वेगळी तिकिटे, पहाटेचे हॉटेल आणि अठरा हजारांची बचत : एका वाचक भगिनींना उत्तर

सप्रेम नमस्कार.

परदेशातील सहलीसाठी विमाने, विमानतळ ते हॉटेल हा प्रवास आणि हॉटेलमधील मुक्काम यांची आखणी कशी करावी, या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. जाण्याच्या दिशेची सर्व उड्डाणे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षणावर, असावीत, पहाटे पोहोचणाऱ्यांनी आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी आणि विमानतळावर न्यायला येणारी गाडी आधीच ठरवावी, हे माझे तिन्ही सल्ले मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणारे नाहीत आणि त्यांतून अखेर सहल कंपन्यांचेच भले होते, असे आपले म्हणणे आहे. पुरावा म्हणून आपण आपली मे महिन्यातील आखणीच दिली आहे. आपण, आपले यजमान आणि सासूसासरे असे चौघे मुंबईहून बँकॉकमार्गे बालीला निघणार आहात. मुंबईचे विमान सकाळी सहा वाजता सुवर्णभूमी विमानतळावर उतरेल, बालीचे विमान दहा वाजून दहा मिनिटांनी डॉन म्युआंग विमानतळावरून सुटेल, आणि दोन्ही तिकिटे स्वतंत्र काढल्याने चौघांचे मिळून अठरा हजार रुपये वाचतील. हे उदाहरण इतके नेमके आहे की मीही त्याच्याच आधारे उत्तर देते.

आपल्या हाती चार तास दहा मिनिटे आहेत असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात दुसऱ्या विमानाचा चेक-इन काउंटर आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी साधारणपणे तासभर आधी बंद होतो, म्हणजे आपली खरी मुदत नऊ वाजून दहा मिनिटे ही आहे. तिकिटे वेगळी असल्याने आपल्या बॅगा मुंबईहून थेट बालीला जाणार नाहीत. विमानातून उतरून इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहायचे, थायलंडमध्ये रीतसर प्रवेश करायचा, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर पडायचे, आणि मग शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे जायचे. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये प्रवेश करणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरावे लागते. इमिग्रेशन न ओलांडता पुढे जाणाऱ्यांना ते लागत नाही, पण आपण ते ओलांडणार आहात. दोन विमानतळांदरम्यान पुढचे तिकीट दाखवणाऱ्यांसाठी मोफत बस आहे, ही गोष्ट आपण अगदी बरोबर लिहिली आहे. तथापि ती बस त्याच रस्त्यांवरून धावते ज्यांवर बँकॉकचे नोकरदार त्या वेळी कचेरीकडे निघालेले असतात. सव्वासातला बाहेर पडलात, बस लगेच मिळाली आणि रस्त्याने दीड तास घेतला, तर आपण पावणेनऊला पोहोचाल. हे सगळे सुरळीत झाले तरचे गणित आहे. मुंबईहून विमान पाऊण तास उशिरा निघाले, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सहारहून सुटणाऱ्या विमानाच्या बाबतीत यात नवल असे काही नाही, तर सासूसासऱ्यांना घेऊन धावण्यावाचून मार्ग उरत नाही.

समजा, विमान चुकले. आपण लिहिता की विमान कंपनी पुढच्या विमानात बसवेलच. माझा आक्षेप नेमका येथे आहे, कारण या एका समजुतीवर सारी बचत उभी आहे. एका पीएनआरवरील प्रवासात पहिल्या उड्डाणाच्या विलंबामुळे दुसरे चुकले, तर आपल्याला अंतिम ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी तिकीट देणाऱ्या कंपनीवर राहते. स्वतंत्र तिकिटे म्हणजे दोन स्वतंत्र करार. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आपण केवळ वेळेवर न आलेले प्रवासी असता, आणि पहिल्या कंपनीने आपल्याला बँकॉकला आणून सोडलेले असते, एवढेच तिचे काम होते. ठाण्याला जलद लोकल चुकली तर मागून दुसरी येते आणि तेच तिकीट चालते. विमानाचे तसे नाही. त्याच दिवशीची चार नवी तिकिटे काढावी लागली, तर अठरा हजार रुपये किती काळ पुरतील, याचा हिशेब आपण प्रतिक्रियेत मांडलेला नाही.

कायदाही याच दिशेने पाहतो. विमान प्रवासाविषयीच्या १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ मध्ये सहभागी झाला. एकापाठोपाठ एक अशा अनेक कंपन्यांनी केलेली वाहतूकही या करारानुसार अखंड प्रवास मानली जाते, मात्र प्रवासी आणि कंपन्या यांनी ती एकच प्रवास म्हणून ठरवलेली असली पाहिजे. आपण घरी बसून दोन संकेतस्थळांवरून जोडलेल्या तिकिटांना हे लागू पडणे कठीण. युरोपला जाणाऱ्या वाचकांसाठी हा फरक रोख रकमेत दिसतो. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासात मोठा विलंब झाला आणि तो असाधारण परिस्थितीमुळे नसला, तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. जोडउड्डाण चुकल्यामुळे झालेला विलंब अंतिम ठिकाणी मोजावा, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. मुंबईहून फ्रँकफुर्टमार्गे रोमला जाणाऱ्या प्रवाशाने युरोपीय कंपनीकडून एकच तिकीट काढले असेल, तर रोमला पोहोचण्याची वेळ धरली जाते. तिकिटे दोन असतील, तर फ्रँकफुर्टच्या पुढे काय झाले याच्याशी पहिल्या उड्डाणाचा संबंध राहत नाही.

आपल्या सुदैवाने बँकॉक निवडले आहे. हीच युक्ती सिंगापूरमार्गे केली असती आणि बॅगा घेण्यासाठी बाहेर पडावे लागले असते, तर भारतीय पासपोर्टवर आधी सिंगापूरचा व्हिसा काढणे आले असते. एका तिकिटावर आतल्या आत विमान बदलणाऱ्याला तो लागत नाही. व्हिसा नाही म्हणून मुंबईच्या काउंटरवरच अडवले गेलेले कुटुंब मी पाहिले आहे आणि त्या आजीआजोबांचे चेहरे मला विसरता येत नाहीत. म्हणूनच या मुद्द्यावर मी आग्रहाने लिहिते.

सामानाचेही पाहावे. स्वस्त उड्डाणांच्या मूळ भाड्यात बहुधा सात किलोची हातातली बॅगच असते. चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे, आणि ते आधी ऑनलाइन न भरता काउंटरवर भरले तर बरेच जास्त. आपल्या अठरा हजारांत चार बॅगांचे हे शुल्क धरले आहे का, हे प्रतिक्रियेवरून कळत नाही.

आता हॉटेल. 'रात्रभर विमानात बसलेल्या माणसाने दुपारी दोनपर्यंत फिरावे, खोलीचे एका रात्रीचे पैसे का घालवावेत,' असे आपण विचारता. तिशीतल्या जोडप्याने बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून खुशाल बाहेर पडावे, त्यांना मी हा खर्च सांगणारच नाही. मुंबईहून पूर्वेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीच्या आसपास निघतात आणि घड्याळ पुढे जाते, बँकॉकचे दीड तासाने, सिंगापूर आणि बालीचे अडीच तासांनी. त्यामुळे झोप जेमतेम तीन तासांची होते आणि खोली मात्र दुपारी दोन-तीनला मिळते. सत्तरीच्या माणसांचे मधुमेहाचे औषध, आंघोळ, पाठ टेकणे हे सगळे तोवर थांबत नाही. त्यांच्यापुरती एक खोली आदल्या रात्रीपासून घेतली तरी पुरते, दोन्ही घेण्याची गरज नाही. तसे केल्यास हॉटेलला सकाळी येत असल्याचे लेखी कळवावे, नाहीतर रात्री कोणी आले नाही म्हणून आरक्षण रद्द समजले जाण्याचा धोका असतो. तारखेकडेही लक्ष असू द्यावे. तिकिटावर १२ मे, ००:१० असे असेल तर घरातून ११ तारखेच्या रात्री निघायचे असते, आणि हॉटेलची तारीख त्यावरूनच मोजायची असते.

हॉटेलच्या दाखवलेल्या किमतीबाहेर काही रक्कम तेथे जाऊन भरावी लागते, हे मी लेखात 'घाबरवण्यासाठी' लिहिल्याचे आपण म्हटले आहे. मलेशियात परदेशी पाहुण्यांकडून प्रत्येक खोलीमागे दर रात्री दहा रिंगिट पर्यटन कर घेतात, दुबईत हॉटेलच्या दर्जानुसार 'टुरिझम दिरहम' आकारतात, आणि ॲम्स्टरडॅममध्ये २०२४ पासून मुक्कामाच्या किमतीवर साडेबारा टक्के कर आहे. यात घाबरण्यासारखे काही नाही. आधी माहीत असले की काउंटरवर वाद होत नाहीत.

विमानतळावरील गाडीबाबत आपले म्हणणे मला पुष्कळ अंशी मान्य आहे. सिंगापूरला चांगी विमानतळाहून एमआरटी मेट्रोने शहरात जाणे सोपे आणि स्वस्त आहे. क्वालालंपूरला विमानतळावरील पहिल्या टर्मिनलहून शहरातील मध्यवर्ती स्थानकापर्यंत जलद रेल्वे अठ्ठावीस मिनिटांत पोहोचवते, जरी तिकीट माणशी असल्याने चौघांना अनेकदा टॅक्सीच स्वस्त पडते. माझा सल्ला बालीसारख्या ठिकाणांसाठी होता. तेथील विमानतळाला रेल्वे नाही, आणि आपला मुक्काम उबुडला असल्याने तासा-दीड तासाचा, गर्दीच्या वेळी त्याहून लांब, रस्ता कापायचा आहे. चौघे आणि चार मोठ्या बॅगा एका साध्या मोटारीत मावत नाहीत, म्हणून मोठी गाडी आधी सांगून ठेवावी, एवढेच.

सहल कंपन्यांच्या जाहिरातीचा आरोप मला लागला, हे लपवत नाही. मी कोणाकडूनही पैसे किंवा सवलत घेत नाही. सहल कंपनीला आपण जे जास्तीचे देतो त्यातला मोठा वाटा उड्डाणे, गाडी आणि हॉटेल यांमधले हे सांधे सांभाळण्याचा असतो, आणि ज्यांना ते स्वतः सांभाळायचे आहेत त्यांच्यासाठीच मी लिहिते. उलट स्वतः आखणी करणाऱ्याचा एक फायदा मीच नोंदवते. आयकर खात्याच्या ३० जून २०२३ च्या परिपत्रकानुसार केवळ परदेशाचे विमान तिकीट किंवा केवळ हॉटेल घेतले, तर ते 'परदेश सहल पॅकेज' ठरत नाही आणि पॅकेजवरील टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच वसूल करायचा आयकर, त्यावर लागत नाही. तिकीट, निवास आणि इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र विकत घेतल्या की तो लागतो. कर विवरणपत्रात ती रक्कम मिळते, पण तोवर अडकून पडते.

शेवटी आपण विचारले आहे की तिकिटे काढून झाली असतील तर काय करावे. बालीचे तिकीट शुल्क भरून दुसऱ्या दिवशीचे करून घेता येत असेल, तर करावे आणि रात्रीचा मुक्काम डॉन म्युआंगच्या जवळपास ठेवावा. बँकॉकला उतराल त्या दिवशी सकाळी निवांत शहर ओलांडावे, लवकर खोली देण्याविषयी हॉटेलला आधीच लिहावे, सासूसासऱ्यांना दुपारभर विश्रांती मिळू द्यावी. दुसऱ्या दिवशी विमानतळ जवळच असेल. तिकीटबदल आणि दोन खोल्या यांत अठरा हजारांतील बरीचशी रक्कम जाईल, उरेल ती आपली. बालीच्या हॉटेलची पहिली रात्र मात्र आजच रद्द करावी, कारण विनाशुल्क रद्द करण्याची मुदत बहुधा तेथील घड्याळाप्रमाणे संपते आणि ते आपल्या अडीच तास पुढे आहे.