'पंधरा मिनिटांत बाहेर काढलं' या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार सर,

माझ्या आहार-सल्ल्याच्या क्लिनिकवरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल सॉरी, अगदी मनापासून. रिसेप्शनवरची मुलगी तुटक बोलली असं लिहिलंयत, तिला विचारलं मी, तिलाही वाईट वाटलंय.

पण "फॉलोअपला पंधरा मिनिटांत बाहेर काढलं आणि फी पूर्ण घेतली" हे वाक्य काही डोक्यातून जाईना. सर, तुमची वेळ साडेपाचची होती, अर्ध्या तासाची. तुम्ही आलात पावणेसहाला. सहाच्या ताई तान्हं बाळ घेऊन बाहेर बसलेल्या, त्यांना अजून किती थांबवणार? आणि त्या पंधरातली पाच मिनिटं तर डायरी भरण्यात गेली, माझ्यासमोर, माझ्याच पेनने. ११ दिवसांचे रकाने, सगळीकडे 'नॉर्मल', 'नॉर्मल', शेवटी शेवटी तर नुसतं 'नॉ'. यावरून मी काय सांगायचं? काय खाल्लं, किती वाजता, पोट कधी फुगलं, शौचाला कसं झालं, हे त्या त्या दिवशी लिहिलं तरच काहीतरी हाताला लागतं.

"कांदा, लसूण, गहू, दूध सगळं बंद करून उपाशी ठेवलं, तीन आठवड्यांत शून्य फरक" असंही लिहिलंयत. कायमचं बंद नव्हतं हो ते! लो फॉडमॅप (फॉडमॅप म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं, ती काही काळ कमी करायची) ही पद्धत काही मी घरी बसून काढलेली नाही, ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीच्या टीमने ती बसवली, पहिला टप्पा २ ते ६ आठवडे, मग एकेक गट परत आणायचा, तीनेक दिवस थोडा थोडा वाढवत, की कळतं कुठला झेपतो कुठला नाही. खरं काम तिथून पुढे असतं आणि तुम्ही नेमकं तिथेच सोडलंत. सुरुवातीला सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते, तो आजार) टेस्ट करून या म्हणून थांबवलं तेव्हाही तुम्ही चिडलात, पण गहू सोडल्यावर ती टेस्ट चुकीची निगेटिव्ह येऊ शकते, मग टेस्टसाठी पुन्हा काही आठवडे गहू खात बसावं लागतं.

तुमच्या तब्येतीचं चारचौघांत काही लिहायचं नाही असं ठरवलंय, लिहिणारही नाही. बाकी वाचणाऱ्यांसाठी आपलं जनरल सांगते, शुगरफ्री च्युइंगममध्ये बऱ्याचदा सॉर्बिटॉल असतं, तेही फॉडमॅपच आहे, आणि दिवसभर ते चघळत राहिलं तर कांदा सोडून काय होणार. असो.

क्लिनिक मी एकटीच चालवते. आज सकाळपासून दोन अपॉइंटमेंट कॅन्सल झाल्या, कारण कोणी सांगितलं नाही, तुमच्या रिव्ह्यूचा संबंध नसेलही.

वेळेचं काहीतरी करतेय, डायरी फोनवर भरता येईल का तेही बघते, आणि टप्पे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देईन (तोंडी सांगितले होते, पण ठीक आहे, लिहून द्यायला हवे होते). तुमची उरलेली पंधरा मिनिटं माझ्याकडे जमा आहेत, त्याची फी नाही. या कधीही, फक्त फोन करून या. आणि ते निळं पेन बहुतेक तुमच्याकडेच राहिलंय, सापडलं तर येताना आणा.